ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पुढचा सील वारंवार गळतो: निदान आणि फेरजोडणी

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवला, पुढचा ऑइल सील नवा बसवला, सगळे पुन्हा जोडले, काही आठवडे गाडीखालची जमीन कोरडी राहिली आणि मग बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडील घंटेसारख्या तोंडाच्या) तळाशी तोच लालसर थेंब पुन्हा लोंबू लागला, ही तक्रार जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाची आहे. तिच्यापेक्षा महाग पडणारी दुसरी तक्रार म्हणजे फेरजोडणीनंतर इंजिन सुरू करताच पुढच्या बाजूने चिरका आवाज येणे आणि गिअर टाकूनही गाडी जागची न हलणे. वरवर पाहता या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, परंतु दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडते. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे नेणारा गोल डबा. त्याच्या मागे असलेला नळीसारखा हब गिअरबॉक्सच्या पंपात किती खोल शिरला आहे आणि फिरताना तो क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मध्यरेषेला किती धरून राहतो, या दोन गोष्टींवर सीलचेही आयुष्य ठरते आणि पंपाचेही. त्यांची तपासणी न करता केवळ सील बदलत राहिल्यास गिअरबॉक्स उतरवण्याचे कष्ट दर वेळी नव्याने करावे लागतात.

पुढील विवेचन १९६० आणि १९७० च्या दशकांतील तीन गिअरच्या, पूर्णपणे हायड्रॉलिक नियंत्रणाच्या गिअरबॉक्सना लागू आहे. जनरल मोटर्सचे १९६४ पासूनचे टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आणि १९६९ पासूनचे ३५०, फोर्डचे सी४ आणि सी६, तसेच क्रायस्लरचे टॉर्कफ्लाइट ७२७ हे त्यांतले सर्वाधिक आढळणारे. त्यांच्या तपशिलांत फरक आहेत आणि ते जागोजागी सांगितले आहेत, पण कन्व्हर्टर आणि पंप यांचे नाते सगळ्यांत सारखेच आहे.

गळती नेमकी कोठून आहे

गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी गळतीचा उगम निश्चित करावा. बेलहाउसिंगच्या तळाशी येणारे तेल पुढच्या सीलचेच असेल असे गृहीत धरणे चुकीचे आहे, कारण तो भाग इंजिनाच्या मागच्या टोकाखाली येतो आणि वरून ओघळणारे सर्व काही शेवटी तेथेच जमा होते. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या बाजूस असल्यास त्याच्या बुडाचे गॅस्केट आणि क्रँकशाफ्टचा मागचा सील हे नेहमीचे तीन संशयित आहेत. रंगावर फार विसंबू नये. ताजे ट्रान्समिशन तेल लाल असते हे खरे, परंतु जुने तेल तपकिरी होते आणि धुळीत मिसळल्यावर ते इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता येत नाही. शंका असल्यास दोन्ही डिपस्टिकवरील तेलाचा एकेक थेंब आणि गळलेल्या तेलाचा एक थेंब असे तीन थेंब पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून काही तासांनी त्यांचे पसरणे आणि कडांचा रंग पाहावा.

त्यानंतर खालचे तपासणी झाकण काढून दिव्याच्या उजेडात आतला भाग नीट पाहावा, कारण तेल कोठे उडाले आहे यावरून ते कोठून आले हे बहुतेक वेळा समजते. पुढचा सील गळत असेल तर तेल हबवरून कन्व्हर्टरच्या मागच्या गोलाईवर येते आणि फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जाऊन बेलहाउसिंगच्या आतल्या भिंतीवर पट्ट्यासारखे उमटते. कन्व्हर्टरची मागची बाजू कोरडी असून पंपाखालची भिंत ओली असेल तर हबजवळच्या सीलपेक्षा पंपाचा बाहेरचा ओ-रिंग, त्याचे गॅस्केट किंवा पंपाच्या बोल्टखालचे सीलिंग वॉशर यांवर संशय घ्यावा. फ्लेक्सप्लेटची, म्हणजे क्रँकशाफ्टला कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ तबकडीची, इंजिनाकडची बाजू ओली आणि कन्व्हर्टर कोरडा असेल तर दोष इंजिनाच्या मागच्या सीलकडे जातो. कन्व्हर्टरच्या पुढच्या अंगावर, वेल्डच्या रेषेपासून किंवा ड्रेन प्लगपासून पसरलेला ओलावा दिसत असेल तर कन्व्हर्टरच गळत आहे आणि सील कितीही चांगला बसवला तरी ती गळती थांबणार नाही. हा सगळा भाग एकदा स्वच्छ धुऊन, वाळवून, थोडी टाल्कम पावडर फवारून इंजिन काही मिनिटे चालवले तर तेलाची वाट अधिक स्पष्ट दिसते.

उभ्या गाडीची फसवी गळती

जुन्या गाड्या अनेकदा आठवडेच्या आठवडे उभ्या असतात आणि त्यामुळे एक गळती अशी उद्भवते की जिच्यात सीलचा काही दोष नसतो. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू तेलाच्या पॅनमध्ये उतरते. कन्व्हर्टरमध्ये अनेक लिटर तेल मावत असल्याने पॅनमधील पातळी नेहमीपेक्षा बरीच वर चढते, आणि मग जी ठिकाणे एरवी तेलाच्या पातळीच्या वर असतात ती बुडतात. गिअर सिलेक्टरच्या शाफ्टचा सील आणि डिपस्टिकच्या नळीचा ओ-रिंग ही त्यांतली मुख्य ठिकाणे. तेथून निघालेले तेल केसवरून ओघळून खाली पुढच्या सीलच्या गळतीसारखेच दिसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: रोज चालवलेली गाडी कोरडी राहते आणि दीर्घकाळ उभी राहिलेली गाडी गळते. अशा वेळी गिअरबॉक्स न उतरवता ते छोटे सील आणि ओ-रिंग बदलणे पुरेसे असते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीची डिपस्टिक पाहून तेल जास्त झाले असे समजून ते काढून टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण इंजिन सुरू होताच कन्व्हर्टर ते तेल परत ओढून घेतो आणि पंप हवा खेचू लागतो.

तेल कमी होते पण जमिनीवर डाग नाही, अशीही एक अवस्था असते. टर्बो-हायड्रामॅटिक आणि फोर्ड सी४ यांच्यासारख्या गिअरबॉक्सवर व्हॅक्यूम मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनाच्या निर्वात ओढीवरून त्यावरील भार गिअरबॉक्सला कळवणारा भाग, असतो. त्याचा आतला पडदा फाटला की इंजिनाची निर्वात ओढ ट्रान्समिशनचे तेल थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये खेचून घेते आणि ते जळून एक्झॉस्टमधून पांढरा धूर निघतो. मॉड्युलेटरची रबरी नळी काढून तिच्या आत तेल आहे का हे पाहावे. असेल तर तो भाग बदलण्यास अर्धा तास पुरतो. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने मॉड्युलेटरवर सुमारे १५ ते २० इंच पाऱ्याइतकी ओढ देऊन ती टिकते का हेही तपासता येते.

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वीचे मोजमाप

गळतीसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच आहे हे ठरल्यावर, तो गाडीत असतानाच त्याची इतर प्रकृती पाहून घ्यावी. गिअर उशिरा पडणे, चढावर इंजिनाचा वेग वाढूनही गाडी न ओढणे, थंड असताना रिव्हर्स न लागणे यांपैकी काही जाणवत असेल तर केसवरील प्रेशर पोर्टला ३०० पीएसआयपर्यंतचा गेज जोडून पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह आणि रिव्हर्स या प्रत्येक स्थितीतील दाब नोंदवावा आणि त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावा. सर्वच स्थितींत दाब कमी असल्यास पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरकडे बोट जाते, तर एकाच स्थितीत कमी असल्यास त्या गिअरच्या क्लच किंवा सर्व्होच्या (तेलाच्या दाबाने गिअरचा पट्टा आवळणाऱ्या पिस्टनच्या) सीलमधून दाब निसटत आहे असे समजावे. ही नोंद नसेल तर फेरजोडणीनंतर उद्भवलेला दोष जुना की नवा, हे ठरवण्यास आधारच उरत नाही.

उतरवतानाच्या काही गोष्टी

उतरवण्याचा क्रम प्रत्येक मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, त्यामुळे येथे केवळ ज्या गोष्टी वगळल्या जातात त्यांचा उल्लेख करतो. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचा फ्लँज यांवर जुळणीची खूण करावी. कूलरच्या नळ्या सोडताना केसवरचा अडॅप्टर एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने नट फिरवावा, अन्यथा जुनी पोलादी नळी पिळवटते आणि तडकते. मागचा क्रॉसमेंबर काढल्यावर इंजिन मागे झुकते. ज्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूस आहे तेथे त्याचे झाकण फायरवॉलवर आपटून फुटते, म्हणून ते आधीच काढून ठेवावे आणि इंजिनाला खालून लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा.

कन्व्हर्टरचे बोल्ट किंवा नट प्रथम सोडवावेत आणि कन्व्हर्टर मागे ढकलून फ्लेक्सप्लेटपासून मोकळा करावा. तो फ्लेक्सप्लेटला अडकलेला राहून गिअरबॉक्स मागे सरकला तर कन्व्हर्टरचे सगळे वजन हबवरून पंपाच्या बुशवर येते. गिअरबॉक्स मोकळा होताच बेलहाउसिंगच्या तोंडावर लोखंडी पट्टी आडवी लावून कन्व्हर्टर आत अडवून ठेवावा. तेलाने भरलेला कन्व्हर्टर घसरून पायावर पडणे ही कल्पनेतील भीती नाही. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० चे वजन सुमारे ५५ किलो आहे आणि टॉर्कफ्लाइट ७२७ त्याहून बराच जड आहे, म्हणून ट्रान्समिशन जॅकशिवाय आणि साखळीने बांधल्याशिवाय हे काम करू नये. गाडी स्टँडवर टेकवलेली असावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

टेबलावरची तपासणी

वारंवार गळतीचे उत्तर बहुधा येथेच मिळते, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा.

सर्वप्रथम पंपातील बुश, म्हणजे हबला आधार देणारी मऊ धातूची कडी, पाहावे. सीलच्या लगेच मागे बसलेल्या या बुशवर कन्व्हर्टरचा हब टेकून फिरतो. बुश झिजले की हबला वर-खाली हलण्यास जागा मिळते आणि सीलची रबरी कड त्या हालचालीचा पाठलाग करू शकत नाही. नवा सील आपल्या ताज्या रबराच्या लवचिकतेवर काही काळ ही हालचाल सांभाळून घेतो आणि रबर कडक होताच गळू लागतो. काही आठवड्यांनी परत येणाऱ्या गळतीचे हेच सर्वात सामान्य स्पष्टीकरण आहे. झीज बुशच्या सर्व बाजूंनी सारखी आहे की एकाच बाजूस आहे, हे अवश्य पाहावे. सर्वत्र सारखी झीज हे वयाचे लक्षण आहे. एकाच बाजूस चकचकीत पट्टा उमटला असेल तर बुश स्थिर असल्यामुळे त्याचा अर्थ असा होतो की हब कायम एका बाजूला दाबला जात होता, म्हणजे गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या मध्यरेषा जुळलेल्या नाहीत. त्याउलट, हबवर एकाच बाजूस घासल्याची खूण आणि बुश मात्र सर्व बाजूंनी मोठे झालेले, असे दिसल्यास कन्व्हर्टर स्वतः वाकडा फिरत होता असे समजावे. हा फरक लक्षात न घेता नवे बुश बसवले तर तेही त्याच मार्गाने जाते.

कधीकधी बुश झिजलेले नसते, पण आपल्या घरातून पुढे सरकलेले असते आणि त्याने सीललाच पुढे ढकललेले असते. सील आपल्या खोबणीबाहेर आलेला दिसल्यास हेच कारण शोधावे. नवे बुश बसवताना ते घट्ट ठोकून, मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तेथे पंचने त्याची कड दाबून अडकवावी. सीलच्या मागे जमणारे तेल परत पॅनकडे नेणारे छिद्रही साफ आहे याची खात्री करावी, कारण ते तुंबले तर सीलमागे दाब साठतो आणि चांगला सीलही गळतो.

हबचा पृष्ठभाग नखाने तपासावा. सीलच्या कडेने कोरलेली चर नखाला लागत असेल तर पॉलिश करून ती जाणार नाही आणि कन्व्हर्टर बदलणे किंवा दुरुस्तीस पाठवणे भाग आहे. केवळ डाग असतील तर अतिशय बारीक पॉलिश कागदाने हब गोलाकार दिशेने पुसून घेणे पुरते. पंपाच्या आतल्या गिअरवरील दाते, म्हणजे ज्या दोन टोकांना हबच्या खाचा पकडतात, त्यांच्या कडा तुटलेल्या किंवा चेचलेल्या नाहीत हे पाहावे. त्या चेचलेल्या असतील तर मागील जोडणीत कन्व्हर्टर पूर्ण बसलेला नव्हता असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. पंप उघडून जोडला असल्यास त्याचे दोन अर्धे एकमेकांशी नेमके केंद्रित करूनच बोल्ट आवळायला हवेत. त्यासाठी बाहेरून आवळपट्टी लावण्याची पद्धत आहे आणि ती टाळून पंप जोडल्यास बुश व शाफ्ट यांच्या मध्यरेषा पंपाच्या आतच बिघडतात.

आता इंजिनाच्या मागच्या तोंडाकडे यावे. इंजिन ब्लॉकमध्ये बेलहाउसिंग नेमके बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना असतात. इंजिन कधी बाहेर काढून दुरुस्त झाले असेल तर यांपैकी एक किंवा दोन्ही गायब असण्याची शक्यता मोठी आहे, आणि माझ्या मते न सुटणाऱ्या गळतीत सर्वात आधी शंका घ्यावी अशी हीच जागा आहे. बोल्टच्या भोकांमध्ये बोल्टपेक्षा अधिक जागा असते, त्यामुळे केवळ बोल्टवर आवळलेला गिअरबॉक्स आपल्या वजनाने खाली सरकून बसतो आणि नंतर आयुष्यभर बुशचा एकच भाग खात राहतो. दोन्ही पिना जागेवर, न वाकलेल्या आणि न गंजलेल्या असाव्यात, आणि ब्लॉकच्या तोंडावर रंगाचे किंवा गंजाचे पोपडे नसावेत. क्रँकशाफ्टच्या टोकातील भोक, ज्यात कन्व्हर्टरची पुढची नाभी बसते, तेही घासून साफ करून त्यावर ग्रीसचा पातळ थर लावावा. फ्लेक्सप्लेटला बोल्टच्या भोकांपासून निघालेल्या केसासारख्या चिरा आहेत का हे दोन्ही बाजूंनी पाहावे. तिला चीर असेल तर ती बदलावीच. वेल्ड केलेली फ्लेक्सप्लेट सरळ फिरत नाही.

कन्व्हर्टर बसवणे

नवा सील सपाट ठोकळ्याने, सर्व बाजूंनी सारखा दाबून बसवावा आणि त्याच्या कडेला ट्रान्समिशनचे तेल लावावे. कन्व्हर्टरमध्ये सुमारे एक लिटर तेल ओतावे म्हणजे पहिल्या क्षणी पंप कोरडा फिरणार नाही. गिअरबॉक्सचे तोंड शक्य असेल तर वर करून ठेवावे, कारण त्या स्थितीत कन्व्हर्टरचे वजन सीलवर न लोंबता सरळ आत जाते.

कन्व्हर्टरला आत जाताना तीन निरनिराळ्या ठिकाणी जुळावे लागते. कन्व्हर्टरच्या आतील टर्बाइनच्या स्प्लाइन (लांबट दाते) इनपुट शाफ्टवर बसतात, त्यातीलच स्टेटरच्या स्प्लाइन पंपातून बाहेर आलेल्या स्थिर नळीवर बसतात आणि सर्वात शेवटी हबच्या खाचा किंवा चपट्या बाजू पंपाच्या गिअरमध्ये अडकतात. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून, हलका दाब देत, पुढे-मागे फिरवत राहिले की तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो. पहिले दोन टप्पे सहज मिळतात आणि तेथेच बहुतेक जण थांबतात, कारण कन्व्हर्टर आता घट्ट बसल्यासारखा वाटतो व गोल फिरतही असतो. तिसरा टप्पा मिळताना खालून एक जड, बोथट ठोका हाताला जाणवतो आणि कन्व्हर्टर बोटाच्या जाडीच्या आसपास आणखी आत जातो. त्यानंतर फिरवताना थोडा जडपणा येतो, कारण आता हाताला पंपाचे गिअरही फिरवावे लागत असतात. हा जडपणा आला नसेल तर काम पूर्ण झालेले नाही, आणि पुन्हा उचलून थोड्या वेगळ्या कोनातून प्रयत्न करावा लागतो. येथे घाई करून काही मिळत नाही.

हाताच्या जाणिवेवर न थांबता मोजमाप घ्यावे. बेलहाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्यापासून कन्व्हर्टरच्या बोल्ट लागणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर तीन ठिकाणी मोजावे आणि लिहून ठेवावे. मग ब्लॉकच्या तोंडापासून फ्लेक्सप्लेटच्या त्याच पृष्ठभागापर्यंतचे अंतरही मोजावे. पहिले अंतर दुसऱ्याहून जास्त असले पाहिजे, आणि दोघांतील फरक म्हणजे जोडणीनंतर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात राहणारी फट. या गिअरबॉक्सच्या बाबतीत ती साधारणपणे ⅛ ते ³⁄₁₆ इंच, म्हणजे ३ ते ५ मिलिमीटरच्या दरम्यान असावी. गिअरबॉक्स जमिनीवर असतानाच हे गणित मांडल्यास, चूक झाली असली तरी तिची किंमत केवळ काही मिनिटे असते.

इंजिनाशी जुळवणी

गिअरबॉक्स जॅकवर वर नेताना त्याचे तोंड किंचित वर झुकलेले ठेवावे, म्हणजे कन्व्हर्टर पुढे सरकणार नाही. डॉवेल पिना भोकांत शिरल्यावर बेलहाउसिंग आणि ब्लॉक यांची तोंडे हाताच्या दाबाने एकमेकांना पूर्ण मिळाली पाहिजेत. मध्ये बोटभर जागा राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवण्याचा मोह झाला तर तेथेच थांबावे. ती जागा म्हणजे न बसलेला कन्व्हर्टर असतो, आणि बोल्टच्या ताकदीने ओढल्यावर हब पंपाच्या गिअरवर दाबला जाऊन गिअरचे दाते तुटतात, पंपाचे घर तडकते किंवा इंजिनाच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) कायमचा भार येतो. फेरजोडणीनंतर लगेच ऐकू येणारा चिरका आवाज याच क्षणी जन्माला येतो.

बेलहाउसिंगचे सगळे बोल्ट आवळून झाल्यावर, आणि कन्व्हर्टरचा एकही बोल्ट लावण्यापूर्वी, कन्व्हर्टर हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि पुढे-मागे आधी काढलेल्या फटीइतका सरकला पाहिजे. फट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरत असेल तर प्रत्येक बोल्टपाशी सारख्या जाडीचे वॉशर घालून ती कमी करावी, कारण कन्व्हर्टर फार पुढे ओढला गेला तर हबची पंपातील पकड उथळ होते. फोर्डच्या कन्व्हर्टरवर बोल्टऐवजी स्टड असतात. ते फ्लेक्सप्लेटच्या भोकांतून न अडखळता आत-बाहेर झाले पाहिजेत. टॉर्कफ्लाइटच्या फ्लेक्सप्लेटवरील एक भोक मुद्दाम बाजूला सरकवलेले असते, त्यामुळे कन्व्हर्टर एकाच स्थितीत बसतो आणि ती स्थिती आधी खुणेने निश्चित करावी लागते.

कन्व्हर्टरचे बोल्ट मूळ लांबीचेच वापरावेत. थोडा लांब बोल्ट आत जाऊन कन्व्हर्टरच्या पुढच्या आवरणाला आतून फुगवटा आणतो. सर्व बोल्ट प्रथम हाताने लावून, मग क्रँक फिरवत आळीपाळीने मॅन्युअलमधील टॉर्कपर्यंत आवळावेत.

कूलर, लिंकेज आणि तेल

आधीच्या बिघाडात धातूचा चुरा निघाला असेल तर तो कूलरच्या नळ्यांत आणि रेडिएटरमधील कूलरमध्ये अडकलेला असतो. तो धुऊन काढल्याशिवाय नवा पंप सुरू करू नये. परतीची नळी भांड्यात सोडून, इंजिन मंद चालवून सुमारे २० सेकंदांत एक लिटरच्या आसपास तेल बाहेर येते का हे पाहणे ही प्रवाह तपासण्याची प्रचलित पद्धत आहे. हे करताना पॅनमधील तेल संपू देऊ नये. परतीचा प्रवाह कमी असेल तर कन्व्हर्टर तापतो आणि उष्णतेने पुढचा सील सर्वात आधी कडक होतो, म्हणून गळतीच्या चर्चेत कूलरला वगळता येत नाही.

टॉर्कफ्लाइटची थ्रॉटल लिंकेज न जोडता गाडी थोडीशी फिरवून बघू, असे कधीही करू नये. ती लिंकेज गिअरबॉक्सला इंजिनावरचा भार कळवते आणि तिच्याशिवाय दाब इतका कमी राहतो की क्लच थोड्याच अंतरात जळतात. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ची डाउनशिफ्ट केबल आणि मॉड्युलेटरची नळी, तसेच ४०० च्या किकडाउनची (जोरात वेग देताना खालचा गिअर टाकणाऱ्या यंत्रणेची) विजेची तार यांचीही त्याच वेळी तपासणी करावी.

तेलाच्या प्रकाराबाबत गाडीच्या मॅन्युअलचे म्हणणे प्रमाण मानावे. जुन्या फोर्ड गिअरबॉक्ससाठी टाइप एफ सांगितलेले असते, तर जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन वर्गातील तेल चालते. दोघांचे घर्षणाचे गुण वेगळे असल्याने गिअर पडण्याची पद्धत बदलते. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० कन्व्हर्टरसह पूर्ण रिकामा असल्यास त्याला साडेनऊ लिटरच्या आसपास तेल लागते. इंजिन सुरू करण्यापूर्वी निम्म्याच्या आसपास भरावे आणि सुरू होताच उरलेले थोडे थोडे घालत जावे.

पहिल्यांदा सुरू करताना चाके हवेत असावीत. ब्रेक दाबून प्रत्येक स्थितीत लिव्हर काही सेकंद थांबवत सर्व गिअरमधून न्यावा आणि पुन्हा पातळी पाहावी. तेल पूर्ण गरम झाल्यावर, इंजिन मंद चालू असताना, टर्बो-हायड्रामॅटिकची पातळी पार्कमध्ये मोजतात आणि टॉर्कफ्लाइटची न्यूट्रलमध्ये. या फरकाला कारण आहे: जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये पार्कमध्ये असताना कन्व्हर्टरला तेल जात नाही, त्यामुळे पार्कमध्ये घेतलेले मोजमाप चुकीचे ठरते आणि दीर्घकाळ उभी राहिलेली गाडीसुद्धा प्रथम न्यूट्रलमध्येच काही काळ चालवावी लागते.

एवढे करूनही गळती परतली तर

बुश नवे, डॉवेल जागेवर, फट मर्यादेत, छिद्र साफ आणि तरीही काही आठवड्यांनी कन्व्हर्टरची मागची बाजू ओली दिसली, तर कन्व्हर्टरचे डगमगणे मोजण्याची वेळ आली आहे. गिअरबॉक्स उतरवून कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला नेमक्या टॉर्कने बांधावा. डायल इंडिकेटरचे चुंबकी बूड ब्लॉकच्या तोंडावर बसवून त्याचे टोक हबच्या घासून साफ केलेल्या पृष्ठभागावर टेकवावे. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा आणि सुईचे सर्वांत कमी व सर्वांत जास्त वाचन, तसेच ते कोणत्या स्थितीत मिळाले ते लिहून ठेवावे. फरक मॅन्युअलमधील मर्यादेबाहेर असेल आणि कन्व्हर्टर तीन समान अंतरावरील बोल्टांचा असेल, तर तो एका बोल्टाने पुढे फिरवून पुन्हा बांधावा व पुन्हा मोजावे. वाकडेपणाची जागा कन्व्हर्टरबरोबर सरकली तर कन्व्हर्टरचा हब तिरका वेल्ड झालेला आहे आणि तो बदलण्याखेरीज उपाय नाही. ती क्रँकच्या त्याच कोनावर कायम राहिली तर दोष फ्लेक्सप्लेटमध्ये किंवा क्रँकच्या फ्लँजमध्ये आहे. प्रथम फ्लेक्सप्लेट बदलून मोजावे, कारण तीच स्वस्त आणि बहुधा दोषी असते. टॉर्कफ्लाइटमध्ये सरकवलेल्या भोकामुळे कन्व्हर्टर फिरवून बसवता येत नाही, त्यामुळे तेथे सरळ असल्याची खात्री असलेला दुसरा कन्व्हर्टर तात्पुरता बांधून तुलना करावी लागते.

या मोजमापात सर्व काही सरळ निघाले तर इंडिकेटरचे बूड क्रँकच्या फ्लँजवर लावून गिअरबॉक्सच्या केसमधील मध्यवर्ती भोकाचे केंद्र तपासावे. त्यासाठी पंप काढलेली रिकामी केस ब्लॉकवर डॉवेलसह बोल्टने बांधावी लागते. येथे मध्यरेषा चुकलेली आढळल्यास किंचित बाहेर केंद्र असलेल्या ऑफसेट डॉवेल पिना मिळतात. त्या ब्लॉकमध्ये बसवून आणि आवश्यक त्या दिशेने फिरवून केस मधोमध आणता येते. हे काम वेळखाऊ आहे, पण ब्लॉक आणि केस मुळात एकमेकांसाठी बनलेले नसतील, म्हणजे गाडीच्या इतिहासात कधीतरी इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला गेला असेल, तर ते सील बदलण्याच्या आधीच करून घेणे श्रेयस्कर आहे.